नाकातले बुडबुडे, ओला भुसा आणि गॅलरीतली टाकी

नमस्कार डॉक्टर,

आमच्याकडे दोन वर्षांपासून जमिनीवरचं कासव आहे. मुलगा आता नववीत आहे, त्याच्या हट्टाखातर घेतलं. दुकानदाराने ‘सुलकाटा, आफ्रिकेतलं आहे’ असं सांगितलं होतं. आणलं तेव्हा लिंबाएवढं होतं, आता माझ्या पंजापेक्षा मोठं झालंय. नाव ढब्बू. माशांची जुनी काचेची टाकी होती, त्यात सुताराकडचा भुसा घालून गॅलरीत ठेवतो. पाठीवर टेंगळं यायला लागली, तेव्हा हवा कोरडी असली की असं होतं असं मुलाने कुठेतरी ऐकलं. म्हणून दिवाळीपासून आम्ही भुशावर रोज दोन वेळा पाणी शिंपडतो.

गेल्या आठवड्यापासून ढब्बूच्या नाकातून बुडबुडे येतात. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. परवापासून मान लांब करून तोंड उघडं ठेवतो. काकडी-टोमॅटो आवडीने खायचा, आता वास घेतो आणि तोंड फिरवतो. शेजारच्या काकू म्हणतात, व्हिक्सचा वाफारा द्या. मुलाचं ॲमॉक्सिसिलिनचं अर्धी बाटली औषध उरलंय, ते थेंब थेंब देऊ का? सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाने घरात तडफडण्यापेक्षा रामकुंडावर गोदावरीत सोडून द्या. ते ऐकल्यापासून मुलगा नीट जेवत नाही. ही साधी सर्दीच आहे ना?

— एक आई, इंदिरानगर, नाशिक

ताई,

ही साधी सर्दी नाही. कासव एरवी नाकानेच श्वास घेतं. ते मान ताणून तोंडाने श्वास घ्यायला लागलं की नाक भरलंय, आणि बहुधा त्रास फुप्फुसांपर्यंत उतरलाय, असंच धरून चालायचं. त्याला एक-दोन दिवसांच्या आत डॉक्टरकडे न्यावंच लागेल. व्हिक्स नको, उरलेलं औषध नको, आणि गोदावरी तर मुळीच नको. तिन्हींची कारणं पुढे सांगते. त्याआधी आज रात्रीचं काम.

टाकी गॅलरीत तशीच राहू द्या आणि ढब्बूला घरात घ्या. एक मोठा प्लास्टिकचा टब किंवा लाकडी खोका घ्या. तळाला वर्तमानपत्रांचा जाड थर आणि वर कोरडा टॉवेल घाला. एका टोकाला ऊब देणारा दिवा लावा. एलईडीचा उपयोग नाही, त्यातून पुरेशी उष्णता मिळत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब चालेल, किंवा कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला पोल्ट्रीवाले लावतात तो. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. दिवा घट्ट बांधा, भोवती लोखंडी जाळी लावा आणि कागद-टॉवेलपासून चांगला फूट-दीड फूट वर ठेवा. हे नीट जमत नसेल तर रबरी पिशवीत गरम पाणी भरा, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा, ढब्बूच्या शेजारी ठेवा आणि थंड झाली की बदला. आग लागण्यापेक्षा रात्रीत तीनदा उठणं परवडतं.

वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो आजच आणा. दिव्याखाली ३३ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २७-२८ अंश असावेत, म्हणजे त्याला हवं तिथे जाऊन बसता येईल. बरा होईपर्यंत रात्रीही पारा २६ च्या खाली जाऊ देऊ नका. रात्री उजेड नको, म्हणून जमेल तेव्हा सिरॅमिकचा हीटर-बल्ब घ्या. तो तापतो, पण प्रकाश देत नाही. ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट जोडलात तर तुम्हाला शांत झोपताही येईल.

दिवसातून एकदा त्याला उथळ कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. पाणी हनुवटीच्या बरंच खाली राहिलं पाहिजे, आणि तेवढा वेळ जवळून हलू नका. कासवं अशा वेळी पाणी पितात, पोटही साफ होतं. बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडं करून उबेत सोडा. अन्न तोंडात कोंबू नका. श्वासाची ओढाताण चालू असताना घास श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. आजारी कासव काही दिवस उपाशी राहू शकतं, पण पाण्याशिवाय आणि उबेशिवाय ते टिकत नाही.

आता कारण सांगते, कारण ते समजलं नाही तर औषधाने बरा झालेला ढब्बू पुढच्या थंडीत पुन्हा असाच होईल.

आपल्याला कफ झाला की आपण खोकतो. कासवाला तसं खोकता येत नाही. त्याच्या बरगड्या कवचाला जोडून गेलेल्या असतात, छाती फुलत नाही, आणि आपल्याकडे असतो तसा श्वासपटलाचा स्नायू त्याला नसतो. पायांच्या मुळाशी आणि पोटाच्या बाजूला असलेले स्नायू हलवून ते हवा आत-बाहेर करतं. फुप्फुसं वर, पाठीच्या कवचाला लागून असतात. त्यात पाणी किंवा पू साचला की तो, घागर उभी असताना तळाचं पाणी जसं आपसूक बाहेर येत नाही, तसा तिथेच राहतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो घट्ट होऊन बसतो. म्हणून कासवाच्या बाबतीत ‘बघू दोन दिवस, उतरेल आपोआप’ हे चालत नाही. बाहेर चार बुडबुडे दिसतात तेव्हा आत त्याहून बरंच काही झालेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट, कासवाला स्वतःची उष्णता नसते. शरीराचं तापमान भोवतालाप्रमाणे चढतं-उतरतं, आणि त्याबरोबर पचन, रक्ताभिसरण, रोगाशी लढायची ताकद हे सगळं चढतं-उतरतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या कुंदेवाडीचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. नाशिक शहरातही पहाटे नऊ-दहा अंश ही नेहमीची गोष्ट आहे. अशा पहाटे फरशीवर ठेवलेल्या काचेच्या टाकीत, ओल्या भुशावर ढब्बू बसलेला असतो. त्याचं शरीर जवळजवळ थांबलेलं असतं आणि जंतूंना मात्र हवी ती ओल मिळालेली असते. काही देशांतली काही कासवं थंडीत निद्रा घेतात, त्यामुळे ‘कासवाला थंडी चालते’ हा समज पसरलाय. सुलकाटा त्यातला नाही. तो सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातला प्राणी आहे. त्याला शीतनिद्रा माहीतच नाही.

मुलाला हा पुढचा भाग वाचून दाखवा. पाणी शिंपडायची कल्पना त्याची होती, म्हणून तो स्वतःला दोष देत असणार. त्याने ऐकलेलं खोटं नव्हतं. लहान सुलकाटा फार कोरड्या हवेत वाढला तर पाठीवरचे खवले डोंगरासारखे उचलले जातात, हे खरं आहे. त्याच्या मूळ मुलखात बाहेर सगळं रखरखीत असलं तरी ही कासवं दिवसाचा मोठा भाग स्वतः खणलेल्या खोल बिळात काढतात, आणि बिळात हवा दमट असते. पण तिथे ती उबदारही असते. हे उबदार असणं त्या माहितीत सुटलं होतं. दमट आणि उबदार चालतं, कोरडं आणि गार थोडं सोसतं, पण दमट आणि गार हे कासवाच्या फुप्फुसांसाठी सगळ्यांत वाईट. चूक कोणाची असेल तर ती अर्धी माहिती देऊन प्राणी विकणाऱ्याची आहे, चौदा वर्षांच्या मुलाची नाही.

भुशाबद्दलही सांगते. सुताराकडचा भुसा म्हणजे बारीक धूळ, त्यात प्लायवूडचा डिंक आणि पॉलिशचा अंश. तो कोरडा असला की नाकात जातो, ओला झाला की बुरशी धरतो. टाकी रिकामी कराल तेव्हा तळाचा भुसा हातात घेऊन वास बघा, लक्षात येईल. तो सगळा फेकून द्या.

व्हिक्स का नको? त्यातले कापूर-मेंथॉल माणसाला मोकळं वाटायला लावतात. कासवाच्या सुजलेल्या नाकाला ते झोंबतात, आणि खोकून काही बाहेर टाकणं त्याला शक्यच नाही. धूप, उदबत्ती, डासांची अगरबत्ती, फोडणीचा ठसका हे सगळं त्याच्या खोलीपासून दूर ठेवा. देवघर आणि ढब्बू एका खोलीत नकोत, निदान तो बरा होईपर्यंत. डॉक्टरांना गरज वाटली तर ते नेब्युलायझरने सलाईनची किंवा औषधाची वाफ द्यायला सांगतील. ती वेगळी गोष्ट.

ॲमॉक्सिसिलिनचं कारण जरा समजून घेण्यासारखं आहे. जमिनीवरच्या कासवांच्या नाकाच्या आजारात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू वारंवार सापडतो. अमेरिकेतल्या मोजावी वाळवंटातल्या कासवांमध्ये या आजाराची मोठी साथ दिसली होती. १९९० मध्ये तिथल्या सरकारने त्या कासवाला संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, त्यामागच्या कारणांत हा आजारही होता. या जंतूला पेशीभित्ती नसते, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे तुमचं ॲमॉक्सिसिलिनही, नेमकी पेशीभित्तीवरच काम करतात. जिथे भिंतच नाही तिथे ते काय करणार? ढब्बूला हाच जंतू असेल असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. दुसरे जीवाणू असतील, विषाणू असेल, बुरशी असेल. म्हणूनच तपासणी हवी. साखर घातलेलं लहान मुलांचं सिरप, अंदाजे थेंब आणि गार पडलेलं पोट, यातून हाती काही लागणार नाही. उलट तपासणीत खरा जंतू सापडणं अवघड होईल.

डॉक्टर शोधताना आधी फोन करा आणि सरळ विचारा, ‘कासव बघता का?’ कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर नाशिकमध्ये आहेत, पण सगळेच सरपटणारे प्राणी बघत नाहीत, आणि ‘नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणारा डॉक्टर चांगलाच समजावा. ते बहुतेक वेळा बघणाऱ्याचं नाव देतात. इथे कोणी मिळालं नाही तर पुणे-मुंबईत विचारा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुनं आणि मोठं आहे, तिथे फोन करून कोणत्या दिवशी कोण बघतं ते विचारून घ्या. नेताना दुचाकीवर पिशवीत घालून नेऊ नका. थर्माकोलच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, आत टॉवेल आणि गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, आणि शक्यतो ऊन वर आल्यावर निघा. पहाटे कसारा घाट उतरायचा असेल तर गाडीच्या काचा बंद.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन ग्रॅममध्ये करून न्या, औषधाची मात्रा त्यावर ठरते. डॉक्टर एक्स-रे काढतील. फुप्फुसं बघायला तो समोरून आणि बाजूनेही काढावा लागतो, नुसता वरून काढलेला पुरत नाही. नाकातल्या स्रावाचा नमुना घेता आला तर उत्तम. इंजेक्शन सहसा पुढच्या पायात देतात. उपचार काही आठवडे चालतील, कारण कासवाचं सगळंच सावकाश असतं. बुडबुडे थांबले म्हणून इंजेक्शनं मधेच सोडू नका. असं अर्धवट सोडलेलं कासव महिन्या-दीड महिन्याने परत येतं, आणि तेव्हा हातात पर्याय कमी उरलेले असतात.

एक वाक्य कागदावर लिहून बरोबर ठेवा: कासवाला आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. गायी-म्हशी, शेळ्या, कुत्रे यांच्या जंतांवर आणि गोचिडांवर हे औषध आपल्याकडे सर्रास देतात, त्यामुळे कोणी सहज सुचवू शकतं. कासवाच्या मज्जासंस्थेवर ते विषासारखं काम करतं, कासव लुळं पडतं आणि मरू शकतं. ‘अ’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही मागून घेऊ नका. त्याची कमतरता या आजाराला हातभार लावते हे खरं, पण मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते. डॉक्टरांनी तपासून ठरवू दे. रोजच्या खाण्यातून ते हळूहळू भरून निघतं.

आता घर. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते यावरच, कारण इंजेक्शन डॉक्टर देतील, पण ढब्बू उरलेले सगळे तास तुमच्याकडे असणार आहे.

काचेची टाकी मासे ठेवायला बरी. कासवाला काच समजत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर कोपऱ्यात धडका देत चालत राहतं. टाकीत हवा खेळत नाही, ओल तळाशी साचते, आणि गरम टोक-गार टोक असा फरक ठेवायला जागाच नसते. कोवळं ऊन मिळावं म्हणून टाकीच उन्हात ठेवणं तर जिवावर बेतणारं आहे, थोड्याच वेळात आतलं तापमान कासवाला सोसणार नाही इतकं वाढतं. आणि त्या उन्हाचा फायदाही होत नाही. हाडं आणि कवच घट्ट व्हायला लागणारे अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत. बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचीही तीच गत.

सुताराला सांगा, सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच भिंतींची पेटी, वरून उघडी. त्याला खरं तर मेजाएवढी जागाही लवकरच अपुरी पडेल, पण पुढचं वर्षभर तरी निघेल. आत जाड प्लास्टिक अंथरून साधी माती आणि कोकोपीट मिसळून पाच-सहा इंचांचा थर करा. माती शेताच्या बांधावरची घेतलीत तर फवारणी झालेली नाही याची खात्री करा. थराचा खालचा भाग ओलसर आणि वरचा कोरडा ठेवायचा. पाणी वरून शिंपडायचं नाही, कोपऱ्यातून मातीत मुरवायचं. उबदार बाजूला एक लपायची जागा करा. उलटा ठेवलेला टोपला, त्याला दार कापलेलं, आतली माती थोडी जास्त ओलसर. हे त्याचं बीळ. मुलाला हवा असलेला दमटपणा इथे मिळेल आणि तो उबदारही राहील. मात्र हे सगळं बरं झाल्यावर. आजारपणात कागद आणि टॉवेलच, रोज बदलून.

वर एका टोकाला तापवणारा दिवा, आणि लांबीच्या दिशेने अतिनील किरणांची ट्यूब. ती ट्यूब दिसायला पेटत राहते, पण किरण हळूहळू कमी होतात, म्हणून आणल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा आणि साधारण वर्षाने बदला. तोवर, किंवा पैशांची अडचण असेल तर, नाशिकचं ऊन आहेच. बरा झाल्यावर थंडीत साडेनऊ-दहानंतर, फरशी कोमट झाली की, त्याला गॅलरीत किंवा सोसायटीच्या गवतावर मोकळं सोडा, पण सावलीची जागा हाताशी हवी. उन्हाळ्यात सकाळी लवकर. घारी, कावळे, कुत्रे यांच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. एकटं सोडून वर जाऊ नका.

थंडी सरली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. घोटी-इगतपुरीइतका नाही, तरी शहरातही भिंती ओलावतात. तेव्हा दिवे आणि थर्मामीटर पुन्हा कामाला लागले पाहिजेत. वीज जाण्याची सोयही आधीच करून ठेवा: गरम पाण्याच्या दोन पिशव्या, टॉवेल आणि पेटीवर पांघरायला एक जुनं ब्लँकेट, हवेला फट ठेवून. रूम ब्लोअर मात्र सरळ त्याच्यावर सोडू नका.

खाण्याचं. काकडी-टोमॅटो म्हणजे बहुतेक पाणी. सुलकाटा हा गवत खाणारा प्राणी आहे, त्याच्या ताटात मोठा वाटा गवताचाच हवा. दुर्वा, हरळी, सुकं गवत बारीक कापून. त्याबरोबर शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, रताळ्याचा पाला, कधी किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा. यातून ‘अ’ जीवनसत्त्वही मिळतं. पालक रोज नको, फळं जवळजवळ नकोतच, पोळी, दूध, कुत्र्याचं खाणं कधीच नको. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस आणून पेटीत ठेवा, हवा तेव्हा कुरतडेल. फुलवाल्याकडच्या दुर्वा किंवा रस्त्याकडेचं गवत यापेक्षा दोन ट्रेमध्ये घरीच गवत लावा.

आणि आपल्या नाशिकसाठी खास सांगते. गावाकडे द्राक्षबाग असेल तर ‘मोकळा फिरेल बिचारा’ म्हणून त्याला बागेत सोडू नका, तिथला पाला किंवा मांडवाखालचं गवत आणू नका. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागेवर फवारण्यांवर फवारण्या होतात. मांडवाखालच्या जमिनीला तोंड लावून चरणारा प्राणी ते सगळं पोटात घेतो.

सासूबाईंशी मी फोनवर बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या मनात दयाच आहे, जीव तडफडताना बघवत नाही म्हणून त्या म्हणतायत. पण त्यांना सांगा, ढब्बू जमिनीवरचं कासव आहे. त्याला पोहता येत नाही. पायांना पडदे नाहीत, अंग जड आहे. रामकुंडावर सोडलं की तो बुडेल, आणि फुप्फुसं आधीच भरलेली आहेत. पाण्यातलं कासव असतं तरीही मी नकोच म्हटलं असतं. दुकानात मिळणारी लाल कानाची परदेशी कासवं लोक मोठी झाली की नदीत, तलावात सोडतात. ती इथल्या कासवांचं अन्न आणि जागा घेतात, सोबत आजारही नेतात. सोडणाऱ्याला पुण्य वाटतं, पण भोगायचं ते गोदावरीतल्या कासवांना.

आता थोडं अवघड बोलायचं. सुलकाटा गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरच्या महाकाय कासवांनंतर आकाराने जगात तिसरा. पूर्ण वाढ झाली की ४०-५० किलो सहज, आणि आयुष्य माणसाएवढं. तो भिंतीकडेची माती उकरतो, दारं ढकलतो. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये हे पुढची पाच-सात वर्षं कसंबसं जमेल, पुढे नाही. आत्ता घाबरून काही ठरवू नका, आधी तो बरा होऊ दे. पण बरा झाल्यावर घरात बसून हे बोला: कुणाकडे फवारणी नसलेली, कुंपण घातलेली जागा आहे का, थंडीत तिथे उबदार खोली बांधता येईल का, मुलगा शिकायला बाहेर गेला तर कोण बघणार. सोबतीला दुसरं कासव आणायचा विचार मात्र करू नका. त्याला सोबतीची गरज नसते, आणि या आजारातून उठलेलं कासव बाहेरून ठणठणीत दिसूनही जंतू बाळगत राहू शकतं.

कागदपत्रंही बघा. २०२२ ची वन्यजीव संरक्षण कायद्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना त्यांची नोंद करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले, नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर होते. सुलकाटा त्यात येतो. दुकानाची पावती शोधून ठेवा, नोंद झाली नसेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. आणि ढब्बूची पाठ एकदा नीट बघा. सुलकाटा मातकट-तपकिरी असतो, मागच्या मांड्यांवर टोकदार काटे असतात. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील तर ते आपल्याकडचं चांदणी कासव, बाजारात ज्याला स्टार म्हणतात ते. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वास्तूसाठी, भरभराटीसाठी म्हणून अशी कासवं नाशिकमध्ये अनेक घरांत आहेत, हे मला माहीत आहे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती लपवू नयेत, कुठे सोडूही नयेत. १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर फोन करून रीतसर सोपवावीत.

मुलाला एक वही द्या. सकाळ-रात्रीचं तापमान, दिवसाआड वजन, काय खाल्लं, नाक कसं आहे, हे त्याने लिहायचं. डॉक्टरांना त्या वहीचा माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा जास्त उपयोग होईल. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, घरात सगळ्यांनीच, कारण कासवं साल्मोनेला हे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू बाळगतात.

दरम्यान त्याच्या हिरड्या आणि जीभ फिकट-निळसर दिसली, डोळे सुजून मिटले, पाय ओढल्यावर आत घेईनासा झाला, किंवा प्रत्येक श्वासाला डोकं मागेपुढे व्हायला लागलं, तर ठरलेल्या वेळेची वाट बघू नका. रात्र असो, रविवार असो, उबेत गुंडाळा आणि जो डॉक्टर दार उघडेल त्याच्याकडे न्या. तो कासव नेहमी बघत नसला तरी ऑक्सिजन आणि ऊब देऊ शकतो, आणि पुढे कुठे न्यायचं ते फोनवर विचारू शकतो.